दवाखान्यातली यंत्रं आणि मावशी-मामांची बोटं

तीन शिट्ट्या (धागाकर्ती)

कोल्हापुरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या खाजगी हॉस्पिटलात मी सीएसएसडीत आहे. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, बांधायची, ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबानं जंतू मारायचं मशीन) काढून परत थिएटरला पाठवायची, असं आमचं खातं. तळमजल्याला मागच्या बाजूला. भिंतीपलीकडे लाँड्री. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका.

ऑगस्ट २०२४, श्रावणी सोमवार. निम्म्या बायका उपाशी, दोघी रजेवर, थिएटरच्या चादरी मात्र नेहमीपेक्षा जास्त. ओल्या चादरी वाळवून इस्त्री करणारं मोठं मशीन असतं, त्याचं खरं नाव कॅलेंडर. आमच्याकडे सगळे 'रोलर'च म्हणतात. एकीकडून चादर द्यायची, दुसरीकडून कडक होऊन बाहेर पडते. दोघींचं काम त्या दिवशी एकच मावशी करत होती. चादरीचा कोपरा दुमडला, तो सरळ करायला तिनं हात पुढं केला आणि चार बोटं आत गेली.

मी धावत गेले. लाल बटण होतं, पण चादरी बाहेर पडतात त्या बाजूला. शेवटी कुणीतरी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. मशीन थांबलं आणि तेव्हा मला समजलं की मशीन थांबलं म्हणजे हात सुटला असं नाही. रोलर जागच्या जागी उभा, बोटं आत, आणि रोलर दीडशे अंशांच्या वर तापलेला. वरचा रोलर उचलायचं हँडल कुठं असतं हे माहीत असलेला एकच माणूस, तो जेवायला गेलेला. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मावशी ओरडत नव्हती. "चादर जळंल ओ, चादर जळंल" म्हणत होती.

तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. उरलेली दोन बोटं भाजून आखडली, मूठ पूर्ण मिटत नाही. उपचार हॉस्पिटलनं फुकट केले, ते मान्य. ठेकेदारानं दहा हजार दिले. रजिस्टरला नोंद झाली 'गरम वस्तूने भाजणे'. आता ती माझ्याकडे डाव्या हातानं गॉजच्या घड्या घालते.

हे आत्ता लिहायचं कारण असं. परवा रोलरच्या मागं झाडून घेताना पोत्यात गुंडाळलेला एक लांब दांडा सापडला, दोन्ही टोकांना पत्र्याचे कान. तो मशीनचा बोटं अडवायचा गार्ड आहे म्हणे. का काढला विचारलं तर उत्तर आलं, "जाड चादर आली की तो उचलतो आणि मशीन बंद पडतं, काम होत नाही."

मशीन आजही तसंच चालू आहे. कुणाला काय सांगायचं, कसं सांगायचं, मावशीला अजून काही मिळू शकतं का? आणि तुम्ही दवाखान्यात असं काय काय बघितलंय तेही लिहा.

---

लेथवाला

ताई, उद्यमनगरातल्या कारखान्यांत चाळीस वर्षं काढली, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

दोन रोलर एकमेकांकडे फिरतात तिथली फट माल ओढून घेते. मालाला आणि बोटाला ती वेगळं ओळखत नाही. तुमचा रोलर मिनिटाला सहा मीटर चालतो असं धरा. म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर. बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत दोन सेकंद. हात मागं घ्यायचा हे डोक्यात येईतोवर एक पेर गेलेलं असतं. वर ओली चादर मुठीत असली तर बोटं नुसती जात नाहीत, चादरच त्यांना बांधून नेते.

तो दांडा फटीच्या अलीकडे, बोट पोचायच्या आधी असतो. त्याला धक्का लागला की मशीन थांबतं, चांगल्या मशीनला रोलरही उलटा फिरतो किंवा वर उचलला जातो. जाड चादरीला तो उचलत असेल तर त्याची उंची नीट बसवलेली नाही. तासाभराचं काम आहे. ते न करता दांडाच काढला. आमच्याकडेही हेच होतं.

मी स्वतः प्रेसवर होतो तेव्हा दोन हातांची दोन बटणं असायची. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, म्हणजे दोन्ही हात बाहेर. आम्ही काय करायचो? एका बटणात काडेपेटीची काडी ठोकायची. नगावर मजुरी होती. एक हात मोकळा झाला की तासाला पन्नास नग जास्त निघायचे. माझ्या करंगळीशेजारचं बोट अर्धं आहे, ते त्या काडीपायी. त्यामुळे 'कामगार निष्काळजी' असं कुणी लिहिलं की मी तिथंच थांबतो. काडी मीच घातली होती हे खरं. पण ती मालकाला रोज दिसत होती, हेही खरं.

---

रात्रपाळी

स्टाफ नर्स, सतरा वर्षं.

ऑटोक्लेव्हचं सांगते. लहान दवाखान्यात अजूनही उभं, झाकणाला पंख्याचे नट असलेलं मशीन असतं. १२१ अंश, चौरस इंचाला १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. एकदा एका मामांनी काटा शून्यावर आला म्हणून नट सोडले. काटा अडकलेला होता. झाकण उडालं नाही हे नशीब, पण वाफेनं हनुवटीपासून छातीपर्यंत सोलून काढलं. आम्ही त्यानंतर काटा शून्य दिसला तरी वाफ सोडायचा व्हॉल्व्ह उघडून 'फुस्स' नाही ना हे ऐकतो, मगच नट. सलाइनची बाटली आत असेल तर आणखी थांबायचं. बाहेरून गार वाटते, आत पाणी उकळायच्या बेतात असतं, हातात घेतली की फुटते.

बाकी माझ्या नडग्यांवरचे डाग बघाल तर कुत्रं चावलंय वाटेल. खाटेच्या पायथ्याला तो फिरवायचा क्रँक असतो ना, कुणी आत ढकलत नाही. रात्री अंधारात, धावताना, बरोब्बर नडगीवर.

---

लेथवाला

@रात्रपाळी, त्या झाकणाचा हिशेब करून देतो. झाकण चाळीस सेंटिमीटर व्यासाचं असलं तर १५ पौंडाला आतून त्यावर जवळजवळ तेराशे किलोचा जोर असतो. एक छोटी मोटार उभी आहे समजा. आणि काटा शून्य दाखवतोय पण आत दीड पौंड उरलाय, तरी एकशेतीस किलो. तुमचं 'फुस्स' ऐकणं एकदम बरोबर. काटे दर वर्षी तपासून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्हची तरफ अधूनमधून उचलून बघा. न वापरता तो चिकटून बसतो.

---

गुऱ्हाळकर

मी वॉर्डबॉय. गाव करवीर तालुक्यात, घरचं गुऱ्हाळ होतं. ताईंनी रोलरचं लिवलंय ते वाचून अंगावर काटा आला, कारण ते आमचा घाणाच हाय. ऊस जातो तिथं चादर जाती, एवढाच फरक. आजा घाण्यावर बसणाऱ्याला पयलं बघायचा: हातात कडं न्हाई, घड्याळ न्हाई, लांब बाहीचा शर्ट न्हाई. आन् ऊस संपत आला की हातानं ढकलायचा न्हाई, दुसऱ्या उसानं ढकलायचा. लिवलेला नियम नव्हता, पर कुणी मोडला तर आजा त्याला घरला लावून द्यायचा. दवाखान्यात असा आजाच न्हाई बगा.

माझा इषय सिलिंडरचा. मोठा ऑक्सिजन सिलिंडर, डी टाईप. भरलेला साठ किलोच्या वर. आत दीडशे किलोचा दाब. ट्रॉली एक, तिचं एक चाक गेलेलं, मग आमी काय करतो तर तिरपा करून बुडावर गडगडत नेतो. त्यात निम्म्या लोकांची पायाची बोटं फुटल्यात, माझं पण नख दोनदा गेलंय. आडवा पडला आन् वरचा व्हॉल्व्ह तुटला तर तो बाण हुतो, भिंतीत जाईल न्हाईतर माणसात. म्हणून टोपी लावायची, साखळी लावायची. साखळी आमच्याकडं हाय, पर तिला सलाइनच्या बाटल्या अडकवल्यात.

आन् एक. रेग्युलेटर घट्ट बसंना म्हणून एका नव्या पोरानं खोबऱ्याचं तेल लावलं हुतं. मी बगितलं म्हणून. ऑक्सिजनला तेल-ग्रीस म्हंजे काडी लावल्यागत. पोराला वरडलो तर म्हणतोय, "सायकलला लावतोच की."

---

पंचवीस खाटा

माझं स्वतःचं छोटं रुग्णालय आहे, आणि इथं सगळे एकाच बाजूनं लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ग्लोव्हज दिले तर घालत नाहीत, गरम होतं म्हणतात. गमबूट दिले, ते घरी शेतात जातात. सुई वाकवू नका, टोपी परत घालू नका, हे मी स्वतः शिकवतो. महिन्यानं ठेकेदार माणूस बदलतो आणि मी परत पहिल्यापासून. गार्ड मालक काढत नाही हो, काम करणारेच काढतात. खर्च परवडत नाही हे तर आहेच, पण खर्च केला तरी टिकत नाही, त्याचं काय करायचं?

---

रात्रपाळी

डॉक्टरसाहेब, ग्लोव्हजबद्दल बोलू. लाँड्रीत सर्जरीचे पातळ ग्लोव्हज देतात. मळलेल्या चादरीच्या गाठोड्यात सुई असते, ती त्यातून लोण्यासारखी जाते. जाड रबरी लागतात, आणि सगळ्यांना एकच माप आणतात. माझ्या हाताला ते बॉक्सिंगचे ग्लोव्हज वाटतात.

चादरीत सुई का असते हेही सांगते. वॉर्डात आम्हीच टाकतो. घाईत पलंगावर राहते, चादर गोळा होते, खाली जाते. टोचते लाँड्रीतल्या मावशीला, आणि कुठल्या पेशंटची ते तिला कधीच कळत नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर लागण व्हायची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, एचआयव्हीची हजारात तीन. सगळे एचआयव्हीला घाबरतात, आणि हिपॅटायटिसची लस, जी तीन डोसात मिळते, ती मावश्यांना दिलेलीच नसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट आहे: कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि मग दर वर्षी तपासणी. ठेक्यावरचे असले तरी.

टोचलं तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टीत. एचआयव्हीची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. आमच्याकडे एक मावशी चौथ्या दिवशी आली. रविवार होता, सोमवारी सुपरवायझर रजेवर, मंगळवारी "चालतंय की" म्हणाली.

---

पंचवीस खाटा

लसीचं मान्य. माझ्याकडे नर्सेसना दिली आहे, सफाईवाल्यांना नाही. उद्या बघतो.

---

धोटा

इचलकरंजी. आमच्या प्रोसेसमध्ये कापड पिळायचं हायड्रो असतं, तेच तुमच्या लाँड्रीत असतं. उभं पिंप, आत जाळीची टोपली गरगर फिरते. झाकण उघडलं की मोटर बंद व्हावी अशी सोय असते. पण मोटर बंद झाली तरी टोपली पुढं मिनिटभर फिरतच राहते. आणि त्या मिनिटाला कुणी थांबत नाही. हातानं, फडक्यानं, काठीनं टोपली थांबवायला जातात. फडकं अडकलं की दंडापासून. आमच्या गल्लीत एक जण आहे, लग्नात हातावर उपरणं टाकून बसतो.

तुमच्या हायड्रोच्या झाकणाचा स्विच चालू आहे का बघा. नव्वद टक्के ठिकाणी वायर जोडून टाकलेली असते.

(नव्वद टक्के हा माझा अंदाज, कुणी आकडेवारी मागू नका.)

---

आमटीभात

कॅन्टीन चालवते, हॉस्पिटलचंच. कणकेचं मशीन. बाई चालू मशीनमध्ये वरून पीठ सारखं करते, दर वेळी. ओरडून घसा बसला. शेवटी मशीनच्या तोंडावर गजाची जाळी बसवून घेतली, पीठ-पाणी जातं, हात जात नाही. साडेतीनशे रुपयांत, शाहूपुरीतल्या वेल्डरकडून. आणि पदर खोचून वर ॲप्रन, बांगड्या असतील तर मनगटाला फडकं. बांगड्या काढा म्हटलं तर कुणी काढणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

---

फ्यूज

बायोमेडिकल इंजिनिअर, कोल्हापूर-सांगली-मिरज असा फिरतो.

सगळे फिरणाऱ्या मशीनबद्दल लिहिताय. न फिरणाऱ्याबद्दल लिहितो. एमआरआयचा चुंबक बंद होत नाही. दिवा बंद, पेशंट नाही, टेक्निशियन घरी, दाराला कुलूप, तरी तो चालूच. चुंबक बनवणारी तार द्रव हेलियममध्ये थंड ठेवलेली असते, त्यात प्रवाह एकदा सोडला की फिरत राहतो. हे झाडूवाल्या मामांना कुणीच सांगत नाही, कारण त्यांचं काम 'मशीन बंद झाल्यावर'च सुरू होतं. लोखंडी बादली, पॉलिशचं मशीन, व्हीलचेअर, सगळं जाऊन चिकटू शकतं. आणि ओढ हळूहळू वाढत नाही. दोन पावलं मागं काहीच जाणवत नाही, पुढच्या पावलाला वस्तू हातातून गेलेली असते.

२०१४ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग केंद्रात दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीनच्या मध्ये सुमारे चार तास अडकून होते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. मशीन आणि सिलिंडर, दोन्ही वेळा तेच.

चुंबक तातडीनं मारायचं बटण असतं, क्वेंच म्हणतात. त्यानं हेलियम उकळून पाइपातून बाहेर जातं. ते माणूस अडकला तरच दाबायचं, बादली अडकली तर नाही, कारण परत चालू करायचा खर्च लाखांत जातो. पण माणूस अडकला तर विचारत बसायचं नाही. मी जातो तिथं पहिला प्रश्न हाच विचारतो: बटण कुठं, आणि ते दाबायला परवानगी कुणाची लागते? दुसऱ्या प्रश्नाला 'साहेबांची' असं उत्तर आलं की मला झोप लागत नाही.

अजून एक आपल्या गावापुरतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी, मग ४३ ची धोका पातळी ओलांडली तेव्हा किती दवाखान्यांचे जनरेटर आणि पॅनल तळघरात होते ते आठवा. पाण्यात उभं राहून ब्रेकर चढवणारा माणूस नेहमी लिफ्टमन किंवा वॉचमन असतो, इंजिनिअर कधीच नसतो.

---

रात्रपाळी

लिफ्टवरून. स्ट्रेचरच्या लिफ्टमध्ये मजला आणि लिफ्ट सारखी थांबत नाही, दोन बोटं वर-खाली. पेशंटसकट स्ट्रेचर ढकलताना चाक अडतं, मागचा माणूस जोर लावतो आणि पुढचा भिंतीवर. लेखी तक्रार तीनदा. लिफ्टमध्ये तपासणीचं कार्ड आहे, त्यावर तारीखही आहे, ती वाचली की इतिहासाचा अभ्यास होतो.

आणि खरं म्हणजे माझी कंबर कुठल्या मशीननं गेली नाही, मशीन नसल्यानं गेली. ऐंशी किलोचा पेशंट आम्ही दोघी चादरीला धरून सरकवतो. उचलायचं यंत्र परदेशात असतं म्हणे. इथं खाली घालायचं गुळगुळीत सरकतं कापड मिळतं, ते तरी द्या. एमआरआयला कोटी असतात, सरकत्या कापडाला नसतात.

---

वकीलपत्र

कामगारांच्या केसेस करतो. सल्ला फुकट आहे म्हणून अर्धवट समजू नका.

धागाकर्तीनं दिलेल्या माहितीवरून:

पहिली गोष्ट म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा. मावशीचा पगार २१,००० च्या आत, त्यामुळे तिची नोंद असायला हवी होती. ठेकेदारानं नोंदवलं नसेल तरी मुख्य मालक, म्हणजे हॉस्पिटल, सुटत नाही. नोंद असती तर बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के आणि कायमच्या अपंगत्वासाठी महिन्याला पैसे, वैद्यकीय मंडळ ठरवेल तेवढे. वर्गणी भरली नाही ही मालकाची चूक. कामगाराला हक्काचे पैसे देऊन मालकाकडून वसूल करायची तरतूद महामंडळाला आहे.

ईएसआय लागूच होत नसेल तर १९२३ चा भरपाईचा कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या आहेत, पण अपघात २०२४ चा, म्हणजे मोजणी जुन्या कायद्यानं. त्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव दिलेले आहेत, शब्द कठोर आहे पण खरंच भाव आहेत: तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७. अख्खा अंगठा ३०. मावशीचे १८ टक्के झाले. पगार नऊ हजार आणि वय ४५ धरलं तर पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा १६९.४४, त्याचे १८ टक्के: अंदाजे १ लाख ६५ हजार. आखडलेल्या दोन बोटांचं डॉक्टरांनी वेगळं प्रमाणपत्र दिलं तर वाढेल. उपचार फुकट केले, दहा हजार दिले, यानं हा हक्क संपत नाही.

मुदत दोन वर्षं. ऑगस्ट २०२४ पासून मोजा. म्हणजे दिवस हातात आहेत, पण फार नाहीत.

आता खाच. मालक म्हणेल, गार्ड दिला होता, कामगारानं जाणूनबुजून काढला. अशा वेळी कायद्यात मालकाला सूट आहे, मृत्यू किंवा संपूर्ण कायमचं अपंगत्व सोडून. म्हणून पोत्यातला तो दांडा तुम्हाला वाटतो तितका तुमच्या बाजूचा नाही. तो कुणी, कधी काढला हे दाखवता आलं पाहिजे. अपघाताआधीपासून तो नव्हता असा काही पुरावा?

---

पंचवीस खाटा

मी वर जे लिहिलं तेच मालकाचा वकील लिहिणार, हे वाचून जरा विचित्र वाटलं.

---

तीन शिट्ट्या

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "मी तर तो दांडा कवा बगितलोच न्हाई." (बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, टायपाची चूक नाही.) पण तिच्या म्हणण्याला कागद कुठला?

---

लेथवाला

ताई, हॉस्पिटलात खंडेनवमीला मशीनची पूजा करता का? आमच्या उद्यमनगरात तो दिवस म्हणजे वर्षात एकदा मशीन पुसून, रंगवून, हार घालून उभं असतं. आणि हल्ली सगळे फोटो काढतात.

---

तीन शिट्ट्या

काका!!

दोन तास मोबाइल चाळला. आमच्या ग्रुपवर सापडला. खंडेनवमी, २३ ऑक्टोबर २०२३, तारीख फोटोवर आहे. रोलर पुसलेला, हळदीकुंकू, नारळ, सुपरवायझर आणि ठेकेदार दोघं हात जोडून. आणि झेंडूचा हार दोन बोल्टना बांधलाय, समोरच, फटीच्या वर. मला तेव्हा वाटलं होतं हाराला बरी जागा सापडली.

गार्डचे बोल्ट आहेत ते. गार्ड नाही.

---

वकीलपत्र

मावशी कामाला कधी लागली?

---

तीन शिट्ट्या

संक्रांतीनंतर. जानेवारी २०२४. ठेकेदाराच्या हजेरीत तिचं पहिलं नाव तेव्हाचं आहे, त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, कारण तिच्या पगाराचा एकदा घोळ झाला होता.

---

वकीलपत्र

मूळ फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला तो पुसू नको म्हणा. ग्रुपवरून परत पाठवलेला नको, मूळच हवा. मावशीला घेऊन या, येताना डिस्चार्ज कार्ड आणि ती 'गरम वस्तूने भाजणे'ची नोंद. नोंदीचा फोटो आधी काढून ठेवा, नंतर पान सापडत नाही.

---

लेथवाला

फोटो मोठा करून बघितला. बोल्टच्या आट्यांना गंज आहे. गार्ड नुकता काढलेला नाही, तेव्हाच दोन-तीन पावसाळे झाले असतील. हे मी लिहून द्यायला तयार आहे.

आणि तो दांडा मला बघायला मिळाला तर उंची लावून देतो. जाड चादर किती जाड, एकावर एक किती घालता ते मोजून कळवा. स्क्रू गेजची गरज नाही, पट्टी चालेल.

---

तीन शिट्ट्या

थिएटरची हिरवी चादर, दुहेरी शिवण येते तिथं चार मिलिमीटर. मोजताना मावशीनं डाव्या हातानं पट्टी धरली होती. लाँड्रीच्या सुपरवायझरनं विचारलं काय चाललंय, मी म्हटलं चादरी आटल्यात का बघतोय.

सोमवारी वकीलसाहेबांकडे.

---

गुऱ्हाळकर

सोमवारी माझी सुट्टी हाय. मावशीस्नी गाडीवरनं आणून सोडतो. कुठनं घ्यायचं तेवढं मेसेज करा.